'गेट' हे इंग्रजी क्रियापद ओळखावे कसे आणि वापरावे कसे : सविस्तर मार्गदर्शक

इंग्रजी शब्दकोशात 'गेट' उघडून पाहिले की अर्थांची लांबलचक रांग समोर येते. मिळणे, मिळवणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे, पकडणे, सुटणे असे कितीतरी अर्थ तेथे असतात आणि ते एकापाठोपाठ एक पाठ करू पाहणारा विद्यार्थी दुसऱ्या पानावर थकतो. पाठ करून हे क्रियापद हाती लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. 'गेट'चा अर्थ बहुतेक वेळा त्याच्या पुढे उभ्या असलेल्या शब्दावरून ठरतो. पुढे नाम आले तर एक अर्थ, विशेषण आले तर दुसरा, स्थळ आले तर तिसरा. म्हणून या लेखात अर्थांची यादी न देता, 'गेट'च्या पुढे काय आहे हे पाहत एकेक पायरी चढण्याची रीत दिली आहे. या सगळ्या वापरांच्या तळाशी एकच कल्पना आहे : आधी जे नव्हते ते आता झाले. वस्तू नव्हती, ती आली. माणूस तेथे नव्हता, तो पोहोचला. अवस्था वेगळी होती, ती बदलली. ही बदलाची कल्पना मनात धरली की अनोळखी वाक्याचाही अर्थ बराचसा उलगडतो.

पहिली पायरी : रूपे आणि उच्चार

मूळ रूप 'गेट', भूतकाळ 'गॉट' आणि भूतकालवाचक धातुसाधित (पास्ट पार्टिसिपल, म्हणजे क्रियापदाचे तिसरे रूप) ब्रिटिश इंग्रजीत 'गॉट', तर अमेरिकन इंग्रजीत बहुधा 'गॉटन'. अमेरिकन माणूस 'शी हॅज गॉटन बेटर' म्हणेल, ब्रिटिश माणूस 'शी हॅज गॉट बेटर' म्हणेल. अर्थ एकच, तिची प्रकृती सुधारली आहे. मात्र 'माझ्याकडे आहे' या अर्थी अमेरिकेतही 'हॅव गॉट' असेच म्हणतात, तेथे 'गॉटन' चालत नाही. आपण यांपैकी कोणतीही एक पद्धत निवडावी आणि एकाच लेखनात दोन्हींची सरमिसळ करू नये. हे क्रियापद प्राचीन नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून इंग्रजीत आले. 'फॉरगेट' हा त्याचाच भाऊबंद असून त्याचे 'फॉरगॉटन' हे रूप ब्रिटिश इंग्रजीतही टिकून आहे.

उच्चाराबाबत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. देवनागरीत हे क्रियापद आणि फाटकाचा 'गेट' सारखेच लिहिले जातात, पण इंग्रजीत त्यांचे उच्चार वेगळे आहेत. क्रियापदातला 'ए' आखूड आणि तोडलेला आहे, तर फाटकातला 'ए' लांबवून शेवटी किंचित 'इ'कडे झुकणारा आहे. शिवाय अमेरिकन बोलण्यात पुढे स्वर आला की 'ट' मऊ होतो आणि 'गेट इट' हे 'गेडिट' असे ऐकू येते. ऐकण्याचा सराव करताना हे ठाऊक नसेल, तर ओळखीचे वाक्यही परके वाटते.

दुसरी पायरी : पुढे नाम असेल तर

'आय गॉट अ लेटर' म्हणजे मला पत्र मिळाले. येथे मराठी आणि इंग्रजी यांची मांडणी उलटी आहे. मराठीत 'पत्र' कर्ता होतो आणि घेणारा माणूस 'मला' असा चतुर्थीत जातो. इंग्रजीत घेणारा माणूसच कर्ता असतो. म्हणून मराठीत जेथे 'मला, तुला, त्यांना' आणि 'मिळणे' अशी जोडी दिसेल, तेथे इंग्रजीत 'आय, यू, दे' यांनी वाक्य सुरू करावे आणि पुढे 'गेट' ठेवावे. 'त्यांना रजा मिळाली नाही' याचे 'दे डिड नॉट गेट लीव्ह' होते. नकार आणि प्रश्न यांसाठी 'डू, डज, डिड' लागतात आणि 'डिड'नंतर 'गॉट' न येता 'गेट'च येते, हा नियम येथेच पक्का करून घ्यावा.

नाम पुढे असताना 'गेट'चा दुसरा अर्थ 'जाऊन आणणे' असा आहे. 'गेट मी अ चेअर' म्हणजे मला एक खुर्ची आणून दे. यात आधी माणूस आणि मग वस्तू असा क्रम आहे. क्रम उलटला तर मध्ये 'फॉर' घालावे लागते : 'गेट अ चेअर फॉर मी'. 'टु मी' येथे बरोबर नाही.

काही नामांबरोबर अर्थ थोडा सरकतो. 'गेट द डोअर' म्हणजे दार वाजले आहे, जाऊन उघड. 'गेट द फोन' म्हणजे वाजणारा फोन उचल. आणि 'आय गेट इट', 'आय डोन्ट गेट यू' यांत 'समजणे' हा अर्थ आहे. मराठीतही मुद्दा 'हाती लागतो', त्यामुळे हा वापर आपल्याला लवकर रुळतो.

तिसरी पायरी : पुढे विशेषण असेल तर

मराठी भाषकासाठी सर्वांत फायद्याचा वापर हाच आहे. अवस्था बदलते तेव्हा मराठीत निरनिराळी क्रियापदे येतात : भूक लागते, राग येतो, अंधार पडतो, उशीर होतो, माणूस दमतो, कपडे भिजतात, कंटाळा येतो. लागणे, येणे, पडणे, होणे यांची ही वाटणी आपल्या अंगवळणी पडलेली असते आणि इंग्रजी बोलताना आपण त्या प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद शोधू लागतो. त्याची गरज नाही. 'गेट हंग्री, गेट अँग्री, गेट डार्क, गेट लेट, गेट टायर्ड, गेट वेट, गेट बोअर्ड' असे सर्वत्र 'गेट' चालते. बदल हळूहळू होत असेल तर 'गेटिंग' वापरावे : 'इट इज गेटिंग डार्क', म्हणजे अंधार पडू लागला आहे. येथे 'इट' म्हणजे कोणतीही वस्तू नव्हे; इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच म्हणून तो शब्द आला आहे.

'आय ॲम टायर्ड' आणि 'आय गॉट टायर्ड' यांतला फरक नीट समजून घ्यावा. पहिल्या वाक्यात मी आत्ता दमलेला आहे, म्हणजे अवस्था सांगितली आहे. दुसऱ्यात मी दमलो, म्हणजे घटना सांगितली आहे. 'दे आर मॅरिड' म्हणजे ते विवाहित आहेत. 'दे गॉट मॅरिड' म्हणजे त्यांचे लग्न झाले. म्हणूनच 'पाच वर्षांपूर्वी' अशी वेळ सांगायची असेल तर 'गॉट'च हवे. याच शब्दाबाबत आणखी एक सावधगिरी बाळगावी. मराठीत 'तिच्याशी लग्न झाले' म्हणतो म्हणून जिभेवर 'विथ' येते, पण इंग्रजीत 'ही गॉट मॅरिड टु हर' असे म्हणतात.

मोठा खळगा मात्र पुढे आहे. 'होणे' म्हणजे 'गेट' असे एकदा बसले की काही जण 'तो डॉक्टर झाला' याचे भाषांतर 'ही गॉट अ डॉक्टर' असे करतात. या वाक्याचा अर्थ 'त्याने डॉक्टर आणला' असा होतो, कारण 'गेट'पुढे नाम आले की ते दुसऱ्या पायरीवर जाते. विशेषण असेल तरच 'गेट'चा अर्थ 'होणे'. पुढे नाम असेल तर 'बिकम' वापरावे : 'ही बिकेम अ डॉक्टर'.

सगळीच विशेषणेही 'गेट'ला मानवत नाहीत. पदार्थ नासला तर 'गो बॅड', दृष्टी गेली तर 'गो ब्लाइंड', रंग पालटला तर 'टर्न रेड' किंवा 'गो रेड', झोप लागली तर 'फॉल अस्लीप'. या जोड्या ठरलेल्या आहेत आणि त्या लक्षात ठेवण्यावाचून इलाज नाही.

चौथी पायरी : पुढे स्थळ असेल तर

'वी गॉट टु द स्टेशन ॲट नाइन' म्हणजे आम्ही नऊ वाजता स्थानकावर पोहोचलो. स्थळापूर्वी 'टु' लागतो. 'होम, हिअर, देअर' यांच्यापूर्वी तो लागत नाही, त्यामुळे 'गेट टु होम' हे चूक आणि 'गेट होम' हे बरोबर. वाहनांच्या बाबतीत एक सोपी खूण आहे. ज्या वाहनात उभे राहून चालता येते, म्हणजे बस, रेल्वे, विमान, जहाज, त्यांत चढणे म्हणजे 'गेट ऑन' आणि उतरणे म्हणजे 'गेट ऑफ'. मोटार किंवा टॅक्सी यांसारख्या, वाकून आत बसाव्या लागणाऱ्या वाहनांसाठी 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ' वापरतात. सायकल आणि घोडा यांवर स्वार व्हायचे असल्याने त्यांनाही 'ऑन' आणि 'ऑफ' लागतात.

पाचवी पायरी : पुढे भूतकालवाचक धातुसाधित असेल तर

'ही गॉट फायर्ड' म्हणजे त्याला नोकरीवरून काढले. हा कर्मणी प्रयोगाचा बोलण्यातला प्रकार आहे. 'ही वॉज फायर्ड' यातही तोच अर्थ आहे, पण 'गॉट'मुळे घटना त्याच्यावर कोसळल्यासारखी वाटते. म्हणूनच अचानक घडलेल्या, बऱ्याचदा नुकसानीच्या आणि कधी लाभाच्या गोष्टींसाठी हा प्रयोग शोभतो : गेट हर्ट, गेट कॉट, गेट स्टोलन, गेट पेड, गेट प्रमोटेड. 'जाणणे, पाहणे, आवडणे' अशा, काहीही न बदलणाऱ्या क्रियापदांसह तो सहसा येत नाही. प्रश्न 'डिड यू गेट पेड?' असा होतो. 'वेअर यू गेट पेड?' असा होत नाही.

सहावी पायरी : मध्ये कर्म आणि मग दुसरे काही

येथे थोडे थांबावे लागेल, कारण मराठी माणसाचे इंग्रजी सर्वाधिक अडखळते ते या ठिकाणी. 'मी केस कापले' असे आपण सहज म्हणतो. कात्री दुसऱ्याने चालवलेली असते, तरी मराठीत या वाक्याने कोणाचा गैरसमज होत नाही. 'मी घर बांधले', 'मी घड्याळ दुरुस्त केले' यांचेही तसेच. इंग्रजीत मात्र 'आय कट माय हेअर' म्हटले की ऐकणारा समजतो, याने आरशासमोर उभे राहून स्वतः केस कापले. काम दुसऱ्याकडून झाले असेल तर 'आय गॉट माय हेअर कट' असे म्हणावे लागते. मराठीत 'कापून घेतले', 'करवून घेतले' ही रूपे आहेतच. ती मनात आणावीत आणि मग इंग्रजी वाक्य रचावे. क्रम असा असतो : कर्ता, गेट, वस्तू, आणि शेवटी भूतकालवाचक धातुसाधित. 'आय गॉट कट माय हेअर' अशी उलटापालट चालत नाही. 'आय हॅड माय हेअर कट' हेही त्याच अर्थाचे वाक्य असून ते किंचित अधिक औपचारिक आहे.

याच रचनेला आणखी दोन अर्थ आहेत आणि ते संदर्भावरून ओळखायचे असतात. 'आय गॉट द वर्क डन बाय इव्हनिंग' यात काम स्वतः केलेले असू शकते. भर उरकण्यावर आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत मी काम हातावेगळे केले. आणि 'शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर' यात कोणीही काही करवून घेतलेले नाही. तिचे बोट दारात सापडले. तेव्हा वाक्य समोर आले की विचारावे, हे कर्त्याला हवे होते की नको होते? हवे होते, तर करवून घेतले किंवा उरकले. नको होते, तर तसे त्याच्या बाबतीत घडले.

कर्माच्या जागी काम करणारा माणूस असेल तर पुढे 'टु' आणि मूळ क्रियापद येते : 'आय गॉट हिम टु साइन द फॉर्म', म्हणजे मी त्याला अर्जावर सही करायला लावली. 'करायला लावणे' यात मराठीत जबरदस्तीची छटा येऊ शकते. 'गेट'मध्ये बहुधा समजूत घालून, मिनतवारी करून काम काढून घेतल्याचा भाव असतो. जबरदस्ती सांगायची असेल तर 'मेक' वापरावे, पण मग 'टु' गळतो : 'आय मेड हिम साइन'. कामाच्या ओघात नुसते सांगून करवून घेतले असेल तर 'आय हॅड हिम साइन', येथेही 'टु' नाही. तिघांपैकी 'टु' फक्त 'गेट'ला लागतो. हीच रचना निर्जीव वस्तूंनाही चालते. 'आय कुड नॉट गेट द कार टु स्टार्ट' म्हणजे मी खटपट केली, पण मोटार काही सुरू होईना.

मध्ये कर्म आणि पुढे विशेषण आले, जसे 'गेट युअर शूज क्लीन' किंवा 'डोन्ट गेट द बुक वेट', तर अर्थ 'तसे करणे' असा सरळ होतो.

सातवी पायरी : पुढे 'टु' आणि क्रियापद असेल तर

'आय गॉट टु मीट हर' याला मराठीत अगदी नेमकी जोडी आहे : मला तिला भेटायला मिळाले. संधी लाभली, असा भाव. 'गेट टु नो' म्हणजे हळूहळू ओळख होणे.

याच्या शेजारी 'गेट युज्ड टु' ठेवून पाहावे. त्याचा अर्थ सवय होणे असा आहे आणि त्यातल्या 'टु'नंतर नाम किंवा 'इंग' लागलेले रूप येते : 'शी गॉट युज्ड टु लिव्हिंग अलोन', तिला एकटीने राहण्याची सवय झाली. 'शी युज्ड टु लिव्ह अलोन' याचा अर्थ पूर्णपणे वेगळा आहे, ती पूर्वी एकटी राहत असे. दोन वाक्ये कानाला सारखी वाटतात, म्हणून ती शेजारी शेजारी लिहून मोठ्याने वाचावीत.

आठवी पायरी : 'हॅव गॉट' वेगळे धरावे

'आय हॅव गॉट अ ब्रदर' म्हणजे मला एक भाऊ आहे. यात मिळण्याचा प्रश्न नाही. ही 'हॅव'चीच बोलण्यातली जोडगोळी आहे आणि ती मुख्यतः वर्तमानकाळात चालते. नकार 'आय हॅवन्ट गॉट' किंवा 'आय डोन्ट हॅव' असा करावा. दोन्ही एकत्र करून 'आय डोन्ट हॅव गॉट' म्हणू नये. 'हॅव यू गॉट अ पेन?' याचे उत्तर 'येस, आय हॅव' एवढेच असते.

पुढे 'टु' आला की 'पाहिजे' हा अर्थ येतो : 'आय हॅव गॉट टु गो', मला गेलेच पाहिजे. बोलताना 'हॅव' गळून 'आय गॉटा गो' उरते. ते ऐकून ओळखता यावे, लिहिताना मात्र टाळावे.

नववी पायरी : जोडशब्द

'अप, ओव्हर, बाय, थ्रू' असे लहान शब्द जोडून 'गेट'चे जे अर्थ होतात, त्यांना नियम थोडाच आधार देतो. म्हणून एका वेळी मोजकेच घ्यावेत आणि प्रत्येकासाठी स्वतःचे एक वाक्य लिहावे. 'गेट अप' म्हणजे उठणे. 'गेट अलाँग' म्हणजे पटणे. 'त्यांचे आपसात पटत नाही' याला 'दे डोन्ट गेट अलाँग' हे तंतोतंत बसते. 'गेट बाय' म्हणजे भागणे, कसेबसे निभावणे. 'गेट ओव्हर' म्हणजे आजारातून किंवा दुःखातून सावरणे. 'गेट रिड ऑफ' म्हणजे नको असलेले काढून टाकणे. 'गेट अवे विथ' म्हणजे चूक करूनही शिक्षा न होता सुटणे. 'गेट अराउंड टु' म्हणजे लांबणीवर पडलेल्या कामाला अखेर हात घालणे, आणि त्यापुढेही 'इंग' लागलेले रूप येते. 'गेट थ्रू' संकटाबाबत आले तर पार पडणे, फोनबाबत आले तर संपर्क होणे.

दहावी पायरी : औपचारिक लेखनात काय करावे

'गेट' अशुद्ध नाही, परंतु अर्ज, अहवाल, संशोधनलेख यांत ते वारंवार आले तर लेखन सैल वाटते. तेथे अर्थानुसार नेमके क्रियापद घालावे : पत्र मिळाले तर 'रिसीव्ह', परवानगी मिळवली तर 'ऑब्टेन', अवस्था बदलली तर 'बिकम', पोहोचलो तर 'अराइव्ह' किंवा 'रीच', समजले तर 'अंडरस्टँड'. बदल करताना पुढचे शब्दयोगी अव्ययही तपासावे. 'गेट टु द स्टेशन'मधला 'टु' तसाच ठेवून 'रीच टु द स्टेशन' लिहिणे ही फार पसरलेली चूक आहे. 'रीच'ला काहीच लागत नाही आणि 'अराइव्ह'ला 'ॲट' किंवा 'इन' लागते. उलट, मित्राशी बोलताना 'आय ऑब्टेन्ड अ टिकेट' म्हटले तर ते ताठर वाटते. तेथे 'गॉट'च हवे.

आता सगळ्या पायऱ्या एका उताऱ्यावर चालवून पाहाव्यात. 'इट वॉज गेटिंग डार्क व्हेन वी गॉट टु द हाउस. वी हॅड गॉट वेट, सो माय ब्रदर गॉट मी अ टॉवेल. ही ट्राइड टु गेट द जनरेटर टु स्टार्ट, बट इट डिड नॉट. वी हॅव गॉट टु गेट इट रिपेअर्ड, ही सेड. आय डिड नॉट गेट टु स्लीप टिल मिडनाइट.'

पहिल्या 'गेटिंग'पुढे 'डार्क' हे विशेषण आहे, म्हणून अंधार पडू लागला होता. 'गॉट टु द हाउस' यात स्थळ आहे, म्हणून पोहोचलो. 'वेट' पुन्हा विशेषण, म्हणून भिजलो होतो. 'गॉट मी अ टॉवेल' यात माणूस आणि वस्तू ओळीने आले, म्हणून टॉवेल आणून दिला. जनरेटरनंतर 'टु स्टार्ट' आहे, म्हणून खटपट करून सुरू करू पाहणे. 'हॅव गॉट टु' म्हणजे पाहिजे, आणि त्याला लागूनच आलेल्या 'गेट इट रिपेअर्ड'मध्ये वस्तू व धातुसाधित आहे, म्हणून दुरुस्त करून घेणे. मिळून 'आपल्याला हा दुरुस्त करून घेतलाच पाहिजे.' शेवटच्या वाक्यात 'गेट'नंतर 'टु' आणि क्रियापद आहे, म्हणून मध्यरात्रीपर्यंत मला झोपायला मिळाले नाही. त्याच वाक्यातला 'टु' काढून 'स्लीप' हे नाम मानले आणि 'आय डिड नॉट गेट स्लीप' असे लिहिले, तर ते दुसऱ्या पायरीवर जाते आणि अर्थ 'मला झोप मिळाली नाही' असा होतो. अशा वेळी इंग्रजीत बहुधा मध्ये 'एनी' घालून 'आय डिड नॉट गेट एनी स्लीप' असे म्हणतात.